मिरजेची वेलांटी

मराठी विभागाची संपादक मंडळी दर वर्षी माझ्या टेबलाशी येतात आणि म्हणतात, "सर, काहीतरी द्या की. हलकंफुलकं चालेल." या वेळी मी सांगितलं, "गेम्सवर लिहितो." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर लोकांनी 'आजचा तरुण आणि मोबाइल' या विषयावर लिहावं आणि शेवटी 'अति तिथे माती' म्हणून पूर्णविराम द्यावा, अशी आपल्या अंकाची परंपरा आहे. तेव्हा त्यांचं आश्चर्य समजण्यासारखं आहे.

पण मंडळी, या विषयात मी काही उपरा नाही. मी मूळचा सातारचा, पोटापाण्याला सांगलीत. इथल्याच एका हॉस्टेलवर चार वर्षं काढली आणि आता लॅब सांभाळतो. चाळिशी उलटली तरी शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर दोन तास गेम, हा नेम मोडलेला नाही. सौ. त्याला 'सरांची पूजा' म्हणते. (देवाच्या पूजेला इतका वेळ देत नाही, हे ती पुढे जोडते, ते असो!)

आमच्या वेळी... हे दोन शब्द आले की तुम्ही जांभई देता ते ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आम्ही पहिला गेम पाहिला तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. काळ्या पडद्याचा डॉस, त्यावर एक पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र, आणि एका तासात सोडवायची राजकन्या. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो १९८९ मध्ये आधी ॲपल टू या संगणकासाठी केला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट पाहून राजपुत्राची हालचाल रेखाटली. म्हणूनच तो पठ्ठ्या कठड्याला लटकला की आपल्याच बोटांना कळ लागायची! पुढे हॉस्टेलवर 'काउंटर-स्ट्राइक' आला. लॅनच्या वायरी या खिडकीतून त्या खिडकीत, खाली वाळत घातलेल्या टॉवेलांच्या शेजारून गेलेल्या. परीक्षेच्या आदल्या रात्रीही 'एकच राउंड' म्हणून बसलेली पोरं पहाटे दूधवाल्याच्या आवाजाने उठायची. ती सगळी आज चांगल्या हुद्द्यावर आहेत, एवढं रेक्टरसाहेबांच्या माहितीसाठी नमूद करतो.

असो. मुद्दा असा की इतकी वर्षं गेम खेळताना एक गोष्ट मी मनाशी नोंदवत आलो. या सगळ्यात आपण कुठे आहोत? 'आपण' म्हणजे भारत वगैरे मोठ्या गोष्टी सोडा. आपण म्हणजे सातारा, सांगली, सह्याद्री, एसटी आणि मराठी.

सह्याद्रीपासूनच सुरुवात करू. २०१७ मध्ये 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' आला, पीसीवर यायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. गणपतीच्या सुळ्याच्या शोधात निघालेली क्लोई फ्रेझर आणि तिची जोडीदारीण नादीन. त्यात एक अख्खं प्रकरण पश्चिम घाटावर आहे. जीप घ्यायची, चिखलातून हाणायची, धबधब्याखालून जायचं आणि होयसळांची पडकी मंदिरं हुडकायची. दिसायला नाद खुळा! पण मी यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आलेला माणूस. आपला सह्याद्री म्हणजे काळ्या कातळाचे थरावर थर, वर सपाट माथा आणि कासला तर जांभ्या दगडाचं पठार. गेममधल्या डोंगरांशी त्याची ओळख पटत नाही. शिवाय होयसळांचं खरं हळेबीड कर्नाटकात हासन जिल्ह्यात, घाटाच्या पूर्वेला पठारावर आहे. ते उचलून त्यांनी दरीत नेऊन ठेवलं. तरीही खरं सांगतो, पडद्यावर 'वेस्टर्न घाट्स' ही अक्षरं उमटली तेव्हा छातीत काहीतरी हललं. आपल्या गल्लीत कुणी परदेशी पाहुणा पत्ता विचारत यावा आणि त्याने गावाचं नाव चुकीचं उच्चारावं, तरी आपल्याला आनंदच व्हावा, तसं.

मग इतिहासाचं. 'एम्पायर : टोटल वॉर' हा इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा २००९ चा गेम. त्यात मराठे घेऊन खेळता येतं, हे कळलं तेव्हा मी दोन शनिवार झोपलो नाही! डाव सुरू होतो १७०० साली. पटावर आपलं राज्य नीट मांडलेलं, कर वसूल करा, फौज वाढवा, पुढची चाल खेळा. आता सातारच्या माणसाला १७०० साल म्हटलं की काय आठवतं? डिसेंबर १६९९ पासून औरंगजेब अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसलेला. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग उडवले, त्यात तट उलटा त्यांच्याच माणसांवर कोसळला आणि तरी अखेर किल्ला पडला. राज्य नावाची चीज जवळजवळ घोड्याच्या पाठीवर होती आणि ती पुढे सांभाळली ताराबाईंनी. यातला कुठलाही ताण त्या पटावर नाही. इंग्लंडमध्ये बसून गेम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी केलं. आपल्याला जास्त ठाऊक आहे, मग आपण काय केलं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सिव्हिलायझेशन ७' आला. भारतातून मौर्य, चोळ आणि मोगल. मराठे नाहीत. पुढे त्याच वर्षी जादा पैसे मोजून झाशीची राणी घेता येऊ लागली. म्हणजे मराठी माहेराची राणी आली, माहेर मात्र नकाशावर नाही!

आता गेल्या काही वर्षांतल्या, मी स्वतः मन लावून खेळलेल्या गोष्टी सांगतो.

पहिला, 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसी व इतर ठिकाणी आला. राजी ही कसरती करणारी पोरगी. तिचा लहान भाऊ गोलू, त्याला राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. भिंतीवरून धावणं, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणं, हे पाहताना आमचा पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र आठवल्याशिवाय राहत नाही. वाडे, महाल, कोरीव जाळ्या राजस्थानी थाटाच्या. आणि कथा पुढे सरकते ती सावल्यांच्या बाहुल्यांमधून. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांची बाहुली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार लगेच ओळखीचा वाटेल. हा गेम छोटा आहे, लढाया थोड्या तोचतोचपणाच्या होतात, शेवट एकदम येतो. पण २०१७ मध्ये लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर गेलेली ही मंडळी ठरवलेली रक्कम जमवू शकली नव्हती, आणि तरी तीन वर्षांत त्यांनी गेम पुरा केला. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आला.

दुसरा, 'हॉलो नाइट : सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियात ॲडलेडची टीम चेरी. मूळ संच हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. २०१९ मध्ये जाहीर केला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. त्या दिवशी गेम विकणाऱ्या मोठमोठ्या दुकानांचे सर्व्हर गर्दीने गुदमरले. किडामुंगीच्या दुनियेतला गेम, पण अवघड इतका की हॉस्टेलवर एकाने कीबोर्ड उलटा करून ठेवला होता.

तिसरा, 'क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३'. फ्रान्समधल्या मोंपेलिए गावचा, २४ एप्रिल २०२५ ला आलेला. मुख्य संच तीसेक माणसांचा, ॲनिमेशन वगैरे बरीच कामं बाहेरून करून घेतलेली. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान पटकावला. शेकडो माणसं आणि अफाट पैसा ओतणाऱ्या कंपन्या बघत राहिल्या!

आणि ज्याची सगळं हॉस्टेल वाट बघत आलं तो 'जीटीए ६'. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. आधी म्हणाले २०२५. मग २६ मे २०२६. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी तारीख जाहीर झाली, १९ नोव्हेंबर २०२६. आमच्या विद्यापीठाच्या निकालांनाही इतक्या तारखा मिळत नाहीत! तो येईल तेव्हा लई भारी असणार, यात मला शंका नाही. पण तो चालवायला लागणारं मशीन आणि आपल्या खिशाचं आकारमान, हा विषय जरा हार्ड आहे. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले तेव्हा रॅम घ्यायला निघालेली दोन पोरं भडंग घेऊन परत आलेली मी पाहिली आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हा अंक घरीही जातो. गेम आणि जुगार यांत फरक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मुलाने मेसचे पैसे एका ॲपवर पत्त्यांत घालवले. मग मित्रांकडून उसने, मग ते फेडायला आणखी डाव. शेवटी आईचे दागिने मोडेपर्यंत पाळी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. मला त्यातली ही एक रेघ पटली. 'सिल्कसाँग'मध्ये तुम्ही शंभर वेळा मरता, पण आईच्या बांगड्या जागेवर राहतात.

आता त्या पालकांची गोष्ट. तासगावकडचे द्राक्षबागायतदार. मुलगा आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला. एका शनिवारी ते लॅबमध्ये आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय नोकरी नगं, गेम बनवणार. त्यात काय हाय का वो? का नुस्ता नाद?"

अशा प्रश्नाला वक्तृत्व उपयोगाचं नसतं. समोर बसलेल्या माणसाने चार वर्षांची फी बागेतून काढलेली असते. मी त्यांना जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. आधी चांगलं. पुणे लांब नाही, आणि तिथे या धंद्याची खरीखुरी कामं चालतात. 'राजी' तिथला. सुपरगेमिंग तिथली, तिचा 'इंडस' हा मोबाइलवरचा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं.

मग वाईटही सांगितलं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा गाजलेला गेम नव्याने करायचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, जानेवारी २०२१ ची तारीख ठरली. ट्रेलर पाहून जगभरच्या लोकांनी नाकं मुरडली, तारीख पुढे गेली, मग अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने अख्खा प्रकल्पच रद्द केला. ज्या राजपुत्राच्या उड्या पाहून आम्ही संगणक शिकलो, त्याला आपल्या मराठी मुलखातल्या हातांनी पुन्हा उभं करायची संधी आली होती आणि ती अशी गेली. मी त्या बातमीने दोन दिवस गप्प होतो. मोठ्या कंपनीतसुद्धा शाश्वती नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातली १,९०० माणसं एका फटक्यात कमी केली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे बागंसारखंच की. छाटणी केली, औषधं मारली, माल तयार झाला आनि गारपीट. पर म्हणून बाग लावायची सोडतोय का आमी?"

मंडळी, मी इतकी वर्षं शिकवतोय, पण धंद्यातली जोखीम एका वाक्यात मला कुणी अशी सांगितली नव्हती. आम्ही तिघांनी बसून ठरवलं. पदवी पुरी करायची. कॅम्पसला बसायचं. नोकरी लागली तर घ्यायची आणि दोन वर्षं शनिवार-रविवार गेमला द्यायचे. त्या दोन वर्षांत एक तरी छोटा गेम पुरा करून लोकांसमोर ठेवायचा, मग पुढचा विचार. मुलगा म्हणाला, "दोन वर्षं कशाला, आत्ताच सुरू करतो." आणि त्याने केलं. त्याचं पुढे सांगतो.

त्याआधी सांगलीची एक जुनी गोष्ट. आपण रोज विष्णुदास भावे नाट्यगृहावरून जातो, पण नाव का आहे ते कुणी विचारत नाही. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ सांगलीत आला. राजेसाहेब चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना तो आवडला. त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्या मराठीत करून दाखवा. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं आणि मराठी रंगभूमीची ती सुरुवात मानली जाते. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, हालत्या-बोलत्या वाटाव्यात अशा. आज हयात असते तर ते गेमच करत बसले असते, असं मला उगाच वाटतं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि राजाश्रय संपला. भाव्यांनी हाय खाल्ली नाही. मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले, १८५३ मध्ये मुंबईत खेळ केले, लोकांनी तिकीट काढून पाहिले. मराठी नाटकाचा धंदा उभा राहिला तो आश्रयदाता गेल्यावर! किकस्टार्टर फसल्यावरही गेम पुरा करणारी 'राजी'ची माणसं आणि भावे, यांच्यात पावणेदोनशे वर्षांचं अंतर आहे, पण जिद्दीची जात एकच.

आता बघा, आपली अवस्था सध्या १८४२ ची आहे. बाहेरचा खेळ आला, आवडला, टाळ्या वाजवल्या. मराठीत करून दाखवण्याचं साल अजून यायचं आहे. चीनने ते केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला 'ब्लॅक मिथ : वुकाँग' म्हणजे त्यांची सोळाव्या शतकातली माकडराजाची कथा. तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. आपल्या घरची गोष्ट सांगितली म्हणून जगाने पाठ फिरवली नाही.

तर तो तासगावचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र. त्यांनी मिनी-प्रोजेक्टला गेम घेतला, नाव 'डबल बेल'. तुम्ही एसटीचे कंडक्टर. गाडी सातारा ते सांगली. उंब्रज, कऱ्हाड, पेठनाका, आष्टा करत यायचं आणि पुढचा थांबा येण्याआधी सगळ्यांची तिकिटं काढायची. सोपं वाटतं? महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. पासष्टच्या पुढे निम्मं, पंच्याहत्तरच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून फुकट, पण ओळखपत्र बघायचं. सुट्टे पैसे नाहीत. एक आजोबा वय विचारलं की चिडतात. मागे एक पोरगा तिकीट न काढता झोपेचं सोंग घेऊन बसलाय. आणि ड्रायव्हर घंटी द्यायची वाट बघतोय! लुकस पोप नावाच्या एकट्या माणसाने २०१३ मध्ये 'पेपर्स, प्लीज' केला होता. त्यात तुम्ही सीमेवर कागदपत्रं तपासणारे कारकून असता. रटाळ नोकरीतही केवढा ताण आणि केवढी माणुसकी असते हे त्याने दाखवलं. पोरांनी तो धागा बरोबर उचलला.

सगळं जमत आलं आणि गाडी अडली ती पाटीवर. गेम युनिटीमध्ये केलेला. 'सातारा' उमटलं, झकास. 'सांगली', उत्तम. 'कोरेगाव', 'तासगाव', काय विषय नाही. मग पुढची गाडी मिरजेची होती. पडद्यावर आलं 'मरिज'. 'विटा'चं झालं 'वटिा'. 'म्हसवड' लिहिलं तर म चा पाय मोडून ह वेगळा उभा. 'कऱ्हाड'ची तर दशा बघवत नव्हती.

कारण समजून घ्या, अभियंते आहात. युनिकोडमध्ये आपण 'मि' साठवतो तो उच्चाराच्या क्रमाने, आधी म आणि मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी म च्या डावीकडे यायला हवी. ही अदलाबदल, तसंच जोडाक्षरांचे आकार निवडणं, हे काम अक्षरजुळणी करणारा वेगळा प्रोग्राम करतो. इंग्रजीला त्याची फारशी गरज पडत नाही. युनिटीतलं नेहमी वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो हे काम करत नाही. साठवलेल्या क्रमाने अक्षरं एकापुढे एक ठेवतं. म्हणून म, मग वेलांटी, मग र. वेलांटी र च्या डोक्यावर गेली की मिरजेची मरिज झालीच. साताऱ्यात ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून सातारा सुटला. यात सातारकरांची काही पुण्याई नाही!

चौघांपैकी एकजण म्हणाला, "सर, इंग्रजीत पाट्या टाकू. परीक्षकांना काय फरक पडतोय?" दुसरा म्हणाला, "चित्र म्हणून चिकटवू." दोन्ही उपाय चालले असते, मार्कही मिळाले असते. पण तासगावचा मुलगा अडून बसला. "एसटीच्या पाटीवर इंग्रजी? आमचा म्हातारा गाडीत चढणार न्हाई." तेव्हा मग त्यांनी अख्खा गेम गोडो या मोफत इंजिनमध्ये हलवायचं ठरवलं. मार्च २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून अक्षरजुळणी हार्फबझ या मुक्त लायब्ररीकडे सोपवलेली आहे. ('अनरियल'मध्येही ती आहे, पण आमच्या लॅबच्या मशीन अनरियलचं नाव काढलं की गरम होतात.) फॉण्ट घेतला मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता', तोही मोफत. तीन आठवडे गेले. दोघांची एक टर्म-वर्क तारीख हुकता हुकता राहिली. मेसवाल्या मावशी रात्री अकराला ताट झाकून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमची गाडी पोचली का न्हाई अजून?"

गाडी पोचली. पाटीवर 'मिरज' आलं, वेलांटी म च्या आधी, जागच्या जागी. चार पोरं टाळ्या पिटत होती आणि शेजारच्या टेबलावरच्या एकाने विचारलं, "काय, नोकरी लागली का?"

आता कुणी म्हणेल, एका वेलांटीचं इतकं काय? मला असं वाटतं की कुठलीही भाषा मागे पडते ती अशाच छोट्या अडचणींनी. 'मिरज' नीट उमटत नाही म्हणून इंग्रजी पाटी. पाटी इंग्रजी म्हणून संवाद इंग्रजी. संवाद इंग्रजी म्हणून आजोबा गाडीतून उतरले, मावशी उतरल्या, आणि उरला तो कुठल्याही देशात चालेल असा एक गेम, म्हणजे कुठलाच नाही. 'लॉस्ट लेगसी'तला सह्याद्री दुसऱ्यांनी काढला, म्हणून तो तसा झाला. आपली एसटी आपण काढली नाही तर तीही कुणीतरी काढेल, आणि तिच्यावर 'मरिज' लिहिलेलं असेल.

'डबल बेल' अजून अर्धा आहे. वाटेतले थांबे झालेत, पण आडगावच्या गाड्या बाकी आहेत. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाला, त्यात मेस, ऑफिस आणि वर्कशॉपची मंडळीही आली, एक विनंती. आपल्या गावाचं नाव, तिथली एसटी किती वाजता सुटते आणि त्या गाडीत हमखास भेटणारं एक माणूस कसं बोलतं, एवढं कागदावर लिहून लॅबच्या दाराजवळच्या डब्यात टाका. शनिवारी संध्याकाळी सहानंतर आम्ही तिथे असतो. गावाच्या नावात जोडाक्षर किंवा ऱ्हस्व वेलांटी असेल, तर तो कागद आम्ही आधी घेऊ.